तांबड्या शाईचा अभ्यासक्रम

पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याला लिहिता येत नाही, ही तक्रार आपल्याकडील प्रत्येक प्राध्यापक-कक्षात ऐकू येते. तिचा सूर असा असतो की ही आपत्ती नेमकी आपल्याच पिढीवर कोसळली असावी. ज्युनिअर कॉलेजने शिकवले नाही, असे आम्ही म्हणतो. ज्युनिअर कॉलेजचे लोक शाळेकडे बोट दाखवतात. शाळा घराकडे पाहते. या साखळीचा इतिहास शोधू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. या तक्रारीचे सर्वांत तपशीलवार दप्तर ज्या विद्यार्थ्यांविषयी लिहिले गेले आहे ते खेड्यांतून आलेले वा घराण्यात प्रथमच शिकणारे नव्हते. ते होते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड कॉलेजात दाखल झालेले बोस्टनकडील सुखवस्तू घरांतले तरुण. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा, अशा तरुणांना इंग्रजीत निबंध लिहिता येत नाही, असा तो निष्कर्ष होता.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी सर्वांनी सक्तीने निबंधलेखन शिकायचे, ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते की तिला कधी काळी जन्म घ्यावा लागला हे विसरायला होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्वर्डमध्ये जे शिकवले जाई ते वक्तृत्वशास्त्र. १८०६ साली बॉइल्स्टन अध्यासनावर बसलेले पहिले प्राध्यापक जॉन क्विन्सी ॲडम्स हे पुढे देशाचे अध्यक्ष झाले, यावरून त्या विषयाचा रोख कोणत्या दिशेला होता ते कळावे. सभेत उभे राहून बोलणे, न्यायासनापुढे बाजू मांडणे, व्यासपीठावरून प्रवचन करणे या नागरी जीवनातल्या कृतींची ती तालीम होती. लेखन होतेच, पण ते मुख्यतः बोलण्याच्या आधारासाठी. १८१९ पासून १८५१ पर्यंत हे अध्यासन एडवर्ड चॅनिंग यांच्याकडे होते. एमर्सन आणि थोरो हे दोघेही त्यांच्या हाताखालून गेले. चॅनिंग यांच्याच काळात कल हळूहळू बोलण्याकडून लिहिण्याकडे सरकला.

चॅनिंग यांच्यानंतर आलेले फ्रान्सिस चाइल्ड यांची कथा आमच्या व्यवसायबंधूंना जवळची वाटेल. चाइल्ड हे मुळात संशोधक. इंग्रजी-स्कॉटिश लोकगाथांचे त्यांनी केलेले संकलन (३०५ गाथा, १८८२ ते १८९८ या काळात दहा भागांत प्रसिद्ध) आजही लोकसाहित्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. पण १८५१ पासून पंचवीस वर्षे या माणसाने विद्यार्थ्यांचे निबंध तपासले आणि मनापासून त्या कामाचा तिटकारा केला. १८७६ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडले, तिकडून त्यांना निमंत्रण आले, तेव्हा कुठे हार्वर्डने त्यांना निबंधांतून मुक्त करून इंग्रजीचे पहिले प्राध्यापक नेमले. या एका घटनेत पुढचा सारा इतिहास बीजरूपाने आहे, असे आम्हांला वाटते. साहित्याचे अध्यापन म्हणजे प्रतिष्ठा, लेखनाचे अध्यापन म्हणजे हमाली, आणि बढती याचा अर्थ हमालीतून सुटका.

चाइल्ड ज्या कामातून सुटले ते ॲडम्स शर्मन हिल यांच्या वाट्याला आले. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ च्या आपल्या पदग्रहणाच्या भाषणातच इंग्रजीच्या पद्धतशीर अध्ययनाकडे होणाऱ्या दुर्लक्षाविषयी खंत व्यक्त केली होती. १८७२ साली त्यांनी आपले वर्गबंधू हिल यांना बोलावून घेतले. हिल हे वृत्तपत्रातून आलेले गृहस्थ. पत्रकाराची काटकसर आणि संपादकाची पेन्सिल घेऊनच ते वर्गात शिरले. एलियट यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत आणून जुनी ग्रीक-लॅटिनची सक्ती एकेक करून मोडून काढली. त्याच वेळी प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध सक्तीचा केला. १८७४ च्या उन्हाळ्यात तो प्रथम लिहवून घेण्यात आला. विषय नेमलेल्या पुस्तकांतून यायचे. शेक्सपिअरची ‘टेम्पेस्ट’, ‘ज्यूलिअस सीझर’ ही नाटके, गोल्डस्मिथची एक कादंबरी, स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’. शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि अभिव्यक्ती यांवर गुण. पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्मे उमेदवार या परीक्षेत नापास होत राहिले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. नेमलेले पुस्तक वाचून त्यावर थोड्या वेळात निर्दोष मजकूर लिहून दाखवणे, ही परीक्षा नेमकी कशाची? वाचनाची म्हणावी तर गुण विरामचिन्हांना होते. विचाराची म्हणावी तर तसा उल्लेखच नव्हता. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या एका प्रशस्त विद्येत विषय कसा शोधावा, श्रोता कोण आहे हे कसे ओळखावे, युक्तिवाद कसा रचावा हे सारे येत असे. तिच्यापैकी स्वल्पविरामाएवढा तुकडा काय तो शिल्लक उरला. हिल यांच्या १८७८ च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऱ्हेटरिक’ या पाठ्यपुस्तकाने या संकोचावर शास्त्राचा शिक्का मारला.

योगायोग असा की त्याच १८७४ च्या जानेवारीत इकडे पुण्यात, सरकारी शाळेत शिक्षक असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. ओढूनताणून जोडण्याचा आमचा इरादाही नाही. पण शेजारी ठेवून पाहण्यासारख्या त्या आहेत. चिपळूणकरांचा निबंध म्हणजे वाचकाशी घातलेला वाद. ॲडिसन, जॉन्सन, मेकॉले त्यांनी पचवले होते ते कुणाला परीक्षा देण्यासाठी नव्हे, तर स्वतःचा आवाज दूरवर पोहोचावा यासाठी. त्या आवाजाने फुल्यांवर जी टीका केली ती आज वाचवत नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. पण तो आवाज होता. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये निबंधाचे जे रूप ठरत होते त्याला वाचक नव्हता, तपासनीस होता. पुढे मराठी शाळा-कॉलेजांतून ‘निबंध’ हा शब्द चिपळूणकरांचा राहिला आणि व्यवहार मात्र हिल यांच्यासारखा झाला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होऊ नये.

१८८५ साली हिल यांच्या आग्रहामुळे सक्तीचा लेखनाभ्यास दुसऱ्या वर्षावरून पहिल्या वर्षी आणण्यात आला. हाच तो ‘इंग्लिश ए’. मूळ भूमिका अशी की शाळांनी जे करायचे ते त्या करीत नाहीत, म्हणून तात्पुरते कॉलेजने करावे. शाळा सुधारल्या की हा भार परत त्यांच्याकडे जाईल. शाळा हार्वर्डच्या अपेक्षेइतक्या सुधारल्या नाहीत आणि भार परत गेला नाही. उलट १८९७ पर्यंत ऐच्छिक विषयांच्या त्या कॉलेजात सर्वांना सक्तीचा असा पहिल्या वर्षाचा लेखनाभ्यास तेवढा उरला. तात्पुरती म्हणून घातलेली शेड कायमची इमारत व्हावी, हा प्रकार शिक्षणसंस्थांत काम केलेल्यांना नवा नाही.

हिल यांचे सहकारी बॅरेट वेंडेल यांनी दुसरा एक प्रयोग केला. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने रोज पानभर मजकूर लिहून द्यायचा आणि शिवाय पंधरवड्याला एक मोठा निबंध. रोजचा विषय आपल्याच आसपासचा, डोळ्यांनी पाहिलेला. पुस्तकी विषयांच्या तुलनेत ही मोकळी हवा होती, यात शंका नाही. पण हवा मोकळी असली तरी गठ्ठे व्हायचे ते झालेच. १८९२ च्या सुमारास वेंडेल यांच्याकडे सुमारे १७० विद्यार्थी होते आणि वर्षाकाठी त्यांच्यापुढे येणाऱ्या कागदांची संख्या २४ हजारांच्या वर जाई. समासात लिहायच्या संक्षिप्त खुणा ठरल्या. शब्द चुकला की एक खूण, वाक्य तुटले की दुसरी. १९०१ साली कोपलँड आणि राइडआउट या दोघा अध्यापकांनी ‘इंग्लिश ए’तील या तपासणीवरच एक पुस्तक लिहिले. एखाद्या विषयात शिकवण्यापेक्षा तपासण्याचे शास्त्र आधी विकसित व्हावे, यावरून तो विषय कुठे येऊन पोहोचला होता ते दिसते.

१८९२ साली हार्वर्डच्या नियामक मंडळाने नेमलेल्या तीन सदस्यांच्या समितीचा अहवाल आला. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स हे रेल्वे कंपनीचे माजी अध्यक्ष, गॉडकिन हे ‘नेशन’चे संपादक आणि जोसाया क्विन्सी हे राजकारणी, तिघांपैकी वर्गात उभे राहून लेखन शिकवणारा एकही नाही. (समित्यांच्या रचनेत त्यानंतर जगात कोठे फार प्रगती झाली आहे, असे म्हणवत नाही.) समितीने विद्यार्थ्यांकडून निबंध लिहवून घेतले. विषय असा दिला होता की, कॉलेजात येण्यापूर्वी तुम्हांला इंग्रजी लेखन कसे शिकवले गेले ते सांगा. आणि मग त्यांपैकी बरेचसे निबंध त्यांतील चुकांसह अहवालाला जोडून छापले. काहींच्या तर हस्ताक्षराच्या प्रतिकृती दिल्या. शाळांना लाज वाटावी, हा हेतू. पुढे १८९५ आणि १८९७ साली आणखी दोन अहवाल निघाले.

हे निबंध आज वेगळ्या डोळ्यांनी वाचता येतात. आपल्याला काय शिकवले गेले आणि काय शिकवले गेले नाही, हे ती मुले प्रांजळपणे सांगत होती. म्हणजे लेखनाच्या अध्यापनाविषयी विद्यार्थ्यांनी दिलेली ती साक्ष होती, आणि समितीने ती शाळांविरुद्ध पुरावा म्हणून वापरलीही. परंतु ज्याची साक्ष घ्यायची त्याच्याच अक्षराचे प्रदर्शन मांडायचे, असा हा न्याय होता. आपण काय म्हणालो यापेक्षा कसे चुकलो हेच जगासमोर जाते, हे एकदा कळले की विद्यार्थी कमीत कमी बोलण्याचा मार्ग पत्करतो. जितकी कमी आणि जितकी गुळगुळीत वाक्ये, तितक्या कमी चुका.

याच वर्गांतून गेलेल्या एका विद्यार्थ्याचा अनुभव मात्र आपल्या सोयीच्या निष्कर्षांना आडवा येतो. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे १८८८ साली फिस्क विद्यापीठाची पदवी घेऊन हार्वर्डला आले. आपल्या आठवणींत त्यांनी सांगितले आहे की, कृष्णवर्णीयांविरुद्ध बोलणाऱ्या अलाबामाच्या एका सिनेटरवर त्यांनी आपल्या पहिल्या निबंधात तुटून पडून लिहिले, आणि तो निबंध अगदी खालची श्रेणी घेऊन परत आला. येथे तपासनिसांना नावे ठेवून मोकळे होणे सोपे आहे. डू बॉइस तसे करीत नाहीत. मजकूर कितीही खरा असला तरी तो वाचला जाण्यासाठी भाषेवर हुकमत लागते, हे त्या श्रेणीने आपल्याला शिकवले असे ते म्हणतात. त्यांनी मुद्दाम वेंडेल यांचा वर्ग घेतला, आणि १८९० साली वेंडेल यांनी त्यांचा एक उतारा भर वर्गात वाचून दाखवला. १९०३ साली ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ प्रसिद्ध झाले. शुद्धतेचा आग्रह म्हणजे केवळ वरच्यांचे हत्यार, असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. मात्र हेही ध्यानात घ्यावे की डू बॉइस यांच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे हे त्यांना स्वतःला आधीपासून ठाऊक होते. ज्याला ते ठाऊक नसते त्याला खालची श्रेणी काय शिकवते?

हार्वर्डचा नमुना इतरत्र पसरला तसा त्याला विरोधही झाला. मिशिगन विद्यापीठात फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी लेखन ही सामाजिक कृती मानून वेगळा विभाग चालवला. वरच्या विद्यापीठांनी प्रवेशपरीक्षेच्या जोरावर शाळांना वाकवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ साली शिकागोत स्थापन झालेल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेचे ते पहिले अध्यक्ष. परिषदेच्या ‘इंग्लिश जर्नल’चा पहिला अंक जानेवारी १९१२ मध्ये निघाला. त्यातल्या पहिल्याच लेखाचे शीर्षक एक प्रश्न होता, सध्याच्या परिस्थितीत लेखन नीट शिकवता येईल काय, असा. आणि लेखक एडविन हॉपकिन्स यांनी आरंभीच एका शब्दात नकारार्थी उत्तर देऊन टाकले होते. एका अध्यापकामागे विद्यार्थी किती, हाच त्यांच्या विवेचनाचा गाभा होता.

मधली काही दशके आम्ही ओलांडतो. व्याकरणाच्या कवायतीने लेखन सुधारते काय, याची तपासणी करणाऱ्या संशोधनाचा आढावा १९६३ साली निघाला आणि तो कवायतीला प्रतिकूल होता. १९७१ साली जॅनेट एमिग यांनी बारावीतल्या आठ विद्यार्थ्यांना लिहिताना पाहून, माणूस प्रत्यक्षात कसा लिहितो आणि पाठ्यपुस्तक कसे लिहायला सांगते यांतले अंतर दाखवले. पण या इतिहासाला खरे वळण मिळाले ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात. १९६९ साली तेथील कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. १९७० पासून न्यूयॉर्कच्या नागरी विद्यापीठाने शहरातल्या कोणत्याही शाळेतून उत्तीर्ण झालेल्याला प्रवेश देण्याचे धोरण स्वीकारले. ज्यांच्यासाठी कॉलेज कधीच नव्हते ती मुले एकदम वर्गात आली. त्यांचे पहिले निबंध पाहून अध्यापक हबकले. त्यांतच मिना शॉनेसी होत्या. त्या कागदांपुढे एकट्याने बसल्या असता कुठून सुरुवात करावी हेच सुचेना, हे त्यांनी आपल्या पुस्तकाच्या प्रारंभी लपवलेले नाही.

शॉनेसी यांनी केले ते इतकेच की तो गठ्ठा त्यांनी पुन्हा वाचला. १९७० ते १९७४ या काळातल्या प्रवेशावेळच्या सुमारे चार हजार निबंधांवर त्यांचे ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ (१९७७) उभे आहे. हार्वर्डच्या समितीनेही निबंध गोळा केले होते. पण तिने चुका मोजल्या. शॉनेसींनी चुकांना कारण विचारले. आणि त्यांना आढळले की चुका वाटतात तितक्या असंख्य आणि बेबंद नसतात. त्यांचे थोडे प्रकार असतात, प्रत्येकामागे काहीतरी तर्क असतो, आणि पुष्कळदा चूक ही अर्धवट शिकलेल्या नियमाची खूण असते.

मराठी वर्गातले उदाहरण घेतल्यास हे चटकन ध्यानात येईल. ‘पानी’ लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो. त्याचा कान त्याला तेच सांगत असतो. तुम्ही त्याला दहा वेळा ‘न’चा ‘ण’ करायला लावता. अकराव्या वेळी तो ‘जीवन’चे ‘जीवण’ करून आणतो आणि तुम्ही कपाळावर हात मारता. वस्तुतः तो शिकला आहे. आपल्या बोलीतला ‘न’ प्रमाणभाषेत संशयास्पद असतो, हा नियम त्याने आत्मसात केला आहे आणि त्याची हद्द तेवढी त्याला सापडलेली नाही. ‘पानी’ आणि ‘जीवण’ या दोन्हींवर आमची तांबडी शाई एकच गोल काढते. पहिली चूक शिकण्याच्या आधीची आणि दुसरी शिकतानाची, हा फरक तिला दाखवता येत नाही.

चुका महत्त्वाच्या नाहीत असे शॉनेसी कुठेही म्हणत नाहीत. चुकीमुळे वाचकाचे लक्ष मजकुरावरून उडते आणि त्याची किंमत लेखकाला मोजावी लागते, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले आहे. विद्यार्थ्याच्या घरची भाषा आणि विद्यापीठाची भाषा यांतला सत्तेचा झगडा त्यांनी पुरेसा ओळखला नाही, असा आक्षेप १९९० च्या दशकाच्या आरंभी मिन-झान लू यांनी घेतला आणि तो बिनबुडाचा नव्हता. शॉनेसी स्वतः त्याला उत्तर द्यायला नव्हत्या. १९७८ सालीच त्या वारल्या.

शॉनेसींच्या पुढचे पाऊल डेव्हिड बार्थोलोमी यांनी १९८५ च्या एका निबंधात टाकले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, नवखा विद्यार्थी लिहायला बसतो तेव्हा त्याला विद्यापीठाचा आवाज काढून दाखवावा लागतो. तो आवाज त्याने नीट ऐकलेलाही नसतो, म्हणून तो कल्पनेने रचतो. ‘मानवी जीवनात साहित्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ हे वाक्य मराठीच्या प्रत्येक परीक्षकाने शेकडो वेळा वाचले असेल. आपण त्याला घोकंपट्टी म्हणतो, गाईडांना दोष देतो, आणि ते खोटेही नाही. पण बार्थोलोमी वाचल्यावर त्या वाक्यात दुसरेही काही ऐकू येऊ लागते. एरवी आईशी, मित्राशी वेगळ्याच मराठीत बोलणारा एक मुलगा अधिकारवाणीचे सोंग घेऊन उभा आहे आणि हे सोंग आपल्याला शोभते का, असे आपल्याकडे पाहून विचारतो आहे. त्या वाक्याच्या पुढचे वाक्य त्याला लिहिता येत नाही, कारण ‘महत्त्व आहे’ म्हटल्यावर ‘कोणाला, कधी, कशामुळे’ हे विचारायचे असते, हे आम्ही त्याला वर्गात क्वचितच दाखवतो. वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मकथनात्मक, वैचारिक अशा शाळेतल्या खणांतून तो आलेला असतो. फाटक्या पुस्तकाचे आणि पावसात भिजलेल्या छत्रीचे मनोगत त्याने लिहिलेले असते. स्वतःचे मत आणि त्यामागचे कारण त्याला कुणी मागितलेले नसते.

आपल्या परंपरेत विद्यार्थ्याच्या निबंधाचे याहून वेगळे उदाहरण नाही असे नाही. १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘निबंधमाले’च्या एकोणीस वर्षे आधी. जेमतेम तीन वर्षांचे शिक्षण झालेली ही मुलगी त्यात पेशवाईतल्या जुलमाचे दाखले देते, धर्मावरच्या अधिकाराविषयी प्रश्न करते, प्रतिपक्ष काय म्हणेल हे जाणून त्याला आधीच गाठते. आज आम्ही ज्याला अभ्यासपूर्ण निबंधाची अंगे म्हणून फळ्यावर लिहितो ती सगळी त्यात आहेत. कुणी तिला ती अंगे शिकवली असतीलच असे नाही. पण आपल्याला विचारणारे, ऐकणारे कुणी आहे हे तिला माहीत होते.

न्यूयॉर्कमधल्या खुल्या प्रवेशाचे पुढे फारसे बरे झाले नाही. शहर दिवाळखोरीच्या काठावर आले, १९७६ साली विद्यापीठाने शुल्क लावले, आणि १९९९ साली चार वर्षांच्या महाविद्यालयांतून उपचारात्मक वर्ग काढून टाकण्याचे धोरण मंजूर झाले. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाचा लेखनाभ्यास नाव आणि रूप बदलून आजही सक्तीचा आहे. दोन्ही ठिकाणचा हा इतिहास लिहिता आला तो मुख्यतः विद्यार्थ्यांचे कागद कुणीतरी ठेवले म्हणून. एके ठिकाणी लाज आणण्यासाठी, दुसऱ्या ठिकाणी समजून घेण्यासाठी. आपल्याकडे उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियम आहे, आणि चाचणीचे नि गृहपाठाचे कागद तर त्याआधीच रद्दीत जातात. मुक्ताबाईचा निबंध राहिला, कारण ‘ज्ञानोदया’च्या संपादकांनी तो फेब्रुवारी आणि मार्चच्या दोन अंकांत छापला.